दोन ठुशा

कोल्हापूरच्या गुजरीत एक जुनी पेढी होती. पेढीचे मालक अण्णा आता ऐरणीवर बसत नसत, हात थरथरायचे. पण कसोटीचा दगड त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता. आलेला दागिना त्या काळ्या दगडावर घासायचा, उमटलेली रेघ डोळे बारीक करून पाहायची आणि मगच तोंड उघडायचं, ही त्यांची रीत. त्यांना दोन मुलगे. थोरल्याला गिऱ्हाईक कळायचं, धाकट्याला धातू कळायचा. पेढीच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, हे अण्णांचं अजून ठरलं नव्हतं.

श्रावण संपता संपता शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई पेढीवर आल्या. दोन्ही मुलगे त्यांच्या हाताखाली शिकलेले. बाईंच्या नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं.

“अण्णा, नातीला पाच तोळ्यांची ठुशी घालायची आहे,” बाई म्हणाल्या. “सोनं चोख पाहिजे, हे तुम्हाला सांगायला नको. पण पोरीनं एक वेगळंच खूळ काढलंय. म्हणते, आजी, माझ्या गळ्यातल्या दागिन्यापायी कुणाचा जीव पोळलेला नको, कुठली नदी नासलेली नको. आता हे मी कुठल्या दुकानात मागू?”

थोरला हसला. धाकटा गप्प राहिला. अण्णा थोडा वेळ दगडाकडे बघत बसले आणि म्हणाले, “दोघांनी एकेक ठुशी करा. दिवाळीला बाई येतील. त्यांना जी पटेल ती त्यांची. आणि ज्याची पटेल, त्याच्याकडे पेढीच्या किल्ल्या.”

थोरल्यानं वेळ घालवला नाही. ओळखीच्या सराफाकडून ९९९ चा छाप असलेलं सोन्याचं बिस्किट आणलं. त्यात हीण मिसळून बावीस कॅरट केलं आणि मणी पाडायला एका कारखान्यात दिलं. मधल्या पदकासाठी व्यापाऱ्याकडून लालबुंद माणिक घेतलं. ठुशी ओवून झाल्यावर हॉलमार्क केंद्रात नेली. तिथे तिच्यावर बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ हा कसाचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी उठला. शेवटी त्यानं एक हिरव्या मखमलीची डबी घेतली. तिच्या झाकणावर एक पान छापलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘शंभर टक्के निसर्गस्नेही’. त्या पानाचा आतल्या सोन्याशी काय संबंध, हे डबीवाल्यालाही कुणी विचारलं नाही. महिन्याच्या आत थोरला मोकळा झाला.

धाकट्यानं आधी एक वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘सोनं कुठून आलं?’ आणि तो त्याच सराफाकडे गेला.

“मुंबईहून,” सराफ म्हणाला.

“मुंबईत कुठून आलं?”

“परदेशातून. आपल्याकडे खाणी आहेतच किती? कर्नाटकातली हट्टीची सोडली तर नाव घ्यावं अशी दुसरी कुठली? देशाला वर्षाला सातशे-आठशे टन सोनं लागतं आणि आपल्या खाणींतून दोन टनसुद्धा निघत नाही.”

“मग परदेशात कुठल्या खाणीतून आलं?”

सराफानं चष्मा काढून गादीवर ठेवला. “बाबा रे, तिकडच्या शुद्धीकरणाच्या कारखान्यात दहा देशांचं सोनं एकत्र आटतं. त्यातलं कोणतं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ९९९ आहे ना? मग झालं तर.”

धाकट्यानं वहीत लिहिलं, ‘माहीत नाही.’

रात्री जेवताना त्यानं अण्णांना विचारलं. अण्णांनी कोलारची गोष्ट सांगितली. “तरुणपणी मी तिथे गेलो होतो. तीन किलोमीटरहून खोल गेलेली खाण. शंभर वर्षांहून जास्त चालली. २००१ साली बंद पडली. तिचं सोनं कधीच देशोदेशी गेलं, पण सोनं काढून उरलेल्या दळलेल्या दगडाच्या टेकड्या तिथेच राहिल्या. ती सायनाइडनं धुतलेली भुकटी. वारा सुटला की गावावर उडते. खाण बंद झाली तरी ती काही बंद झाली नाही.”

“एवढ्या दगडातून सोनं किती मिळतं?”

“टनाला दोन-चार ग्रॅम मिळालं तरी लोक खाण चालवतात. दोनच ग्रॅम धर. बाईंच्या पाच तोळ्यांसाठी वीस टनांहून जास्त खडक फोडून दळावा लागेल.”

सकाळ होताच धाकटा बाईंच्या घरी पोचला. “बाई, घरात मोड काय आहे?”

बाईंनी कपाटातून एक डबा काढला. झिजून पातळ झालेल्या दोन पाटल्या, जोडीतली हरवल्यामुळे एकटी उरलेली माणकाची कुडी, दोन ठिकाणी तुटलेली साखळी. “हे इतकी वर्षं पडून आहे,” त्या म्हणाल्या. “मोडीत घट जाते, म्हणून नवंच घ्यावं, असं सगळे सांगतात. पण पाटल्या अस्सल केडीएमच्या आहेत हो. त्या वेळी मी हट्टानं मागून घेतल्या होत्या.”

धाकट्यानं डब्यातलं सगळं काट्यावर घातलं. हीण आणि घट जाऊन साडेतीन तोळ्यांची ठुशी होईल, असा हिशेब निघाला. त्याला वाटलं, वाट सापडली. नवा खडक फोडायला नको, सायनाइड नको, नदी नासायला नको. जुनं आटवायचं आणि नवं घडवायचं.

“बरं आहे,” अण्णा म्हणाले. “आटवणार कोण?”

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या बाजूची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. कोणत्याही शहरातला सराफकट्टा घ्या, सोनं आटवून शुद्ध करणारा माणूस तिकडचाच निघायचा. गुजरीतला गलाईवालाही त्यांतलाच. त्यानं पाटल्या हातात घेऊन फिरवल्या आणि खाली ठेवल्या.

“केडीएम आहे. हे आटवायचे पैसे जास्त पडतील.”

“का?”

“केडीएम म्हणजे डाखात कॅडमियम. जुन्या पद्धतीच्या डाखात चांदी-तांबं जास्त असायचं. दागिना मोडायला आणला की कस उतरायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, सोनारानं फसवलं. मग कॅडमियमचा डाख आला. त्यात शंभरात ब्याण्णव भाग सोनं राहतं. मोडताना कस उतरत नाही. गिऱ्हाईक खूश, सराफ खूश. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळून वाफ होतं आणि सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. डाख देणाऱ्याच्या फुंकणीसमोर तो धूर उठायचा आणि आता सोनं पातळ व्हायच्या आधी माझ्यासमोर उठणार. फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं खातो तो. म्हणून तर बीआयएसनं त्याला मनाई केली. तरी गिऱ्हाईक अजून विचारतं, केडीएम आहे ना?”

बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली. मागच्या खोलीत आम्लाच्या भांड्यातून तांबूस धूर वर चढत होता. चांदी-तांबं आम्लात विरघळतं आणि सोनं तळाशी उरतं. शुद्धीकरणाची ही जुनी रीत.

“धूर ओढून घेणारं यंत्र का बसवत नाही?” धाकट्यानं विचारलं.

गलाईवाला हसला. “यंत्र आहे की माझ्या भावाकडे, वसाहतीतल्या भट्टीवर. धूर कॉस्टिकच्या पाण्यातून जातो आणि मगच वर सुटतो. पण त्याचा दर माझ्याहून जास्त. तुमची पेढी दर वेळी दोन रुपयांसाठी घासाघीस करते, मग माल येतो माझ्याकडे.”

धाकट्यानं मोड भावाच्या भट्टीवर नेली आणि सांगितला तो दर दिला. वहीत लिहिलं, ‘सोनं जुनं, बाईंच्या घरचं. पहिल्यांदा कुठल्या खाणीतून आलं, माहीत नाही. आटवताना धूर माणसाच्या अंगावर गेला नाही. खर्च जास्त.’

सोन्याची लगड पेढीवर आली. धाकटा पत्रा ओढून मणी पाडायला बसला. ठुशीला बारीक गोल मणी लागतात, एकमेकांना खेटून बसणारे. ते घासताना, कापताना सोन्याचे बारीक कण उडतात. कामाची जागा झाडून झाली तरी थोडी भुकटी पायाला लागून उंबऱ्याबाहेर जातेच. तीच गोळा करायला रोज पहाटे झारेकऱ्यांच्या वस्तीतली एक मावशी गुजरीत यायची. कुंच्यानं गटाराच्या कडा झाडायची, माती घमेल्यात भरायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. धाकट्यानं तिला लहानपणापासून पाहिलं होतं. एका पहाटे तो तिच्या मागोमाग गेला.

मावशीनं घराच्या दारात घमेलं पाण्यानं धुतलं. माती वाहून गेली, तळाला काळसर गाळ उरला. तिनं एका बाटलीतून त्यात पारा ओतला आणि उघड्या बोटांनी चोळायला लागली. सोन्याचे कण पाऱ्याला धरून बसले. मग तिनं तो गोळा फडक्यात घेऊन पिळला. जास्तीचा पारा खाली गळला आणि फडक्यात पांढुरकी गोळी उरली. ती तिनं लोखंडी पळीत घातली आणि घरात चुलीवर धरली. पारा वाफ होऊन उडून गेला. पळीत पिवळा ठिपका राहिला. चुलीपासून चार हातांवर तिचा नातू झोपला होता.

“मावशी, ही वाफ विषारी असते,” धाकटा म्हणाला.

“ठावं हाय की. हात कापत्यात माझं.” तिनं बोटं पुढं केली. “पर पारा न्हाई घातला तर बारीक सोनं गावत न्हाई.”

“मग मी सांगतो गुजरीत सगळ्यांना, तुमच्याकडून सोनं घेऊ नका. म्हणजे पारा बंद होईल.”

मावशीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “आन् मी खाऊ काय? सोनं घ्याचं बंद करू नगंस, बाळा. पाऱ्याचं काय तरी बघ.”

ते बोलणं धाकट्याच्या डोक्यातून जाईना. रात्री बसून त्यानं वाचलं, लोकांना विचारलं. मावशी चुलीवर करत होती तेच जगभरात दीड-दोन कोटी माणसं लहान लहान खाणींवर करतात: घानात, पेरूत, इंडोनेशियात, ॲमेझॉनच्या जंगलात. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सगळ्यात मोठा वाटा याच कामाचा. हवेतला पारा पाण्यात उतरतो, पाण्यातून माशात आणि माशातून माणसात जातो. जपानमधल्या मिनामाता गावी एका कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा असाच माशांवाटे लोकांच्या पोटात गेला आणि माणसं लुळी पडली. त्या गावाच्या नावानं २०१३ साली पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारतानंही त्याला मान्यता दिली.

आणखी एक गोष्ट त्याला सापडली. फिलिपिन्समधल्या बेंगेत भागातले खाणकामगार पाऱ्याऐवजी टाकणखार वापरतात. पाण्यानं धुऊन जड गाळ वेगळा करायचा आणि टाकणखार घालून आटवायचा. सोनं तळाशी बसतं. धाकटा उठून आपल्या कामाच्या पाटाजवळ गेला. डाख देताना रोज लागणाऱ्या सवागीची डबी तिथेच होती. सवागी म्हणजे टाकणखारच.

दुसऱ्या दिवसापासून तो मावशीच्या दारात बसायला लागला. गाळ जास्त वेळा धुवायचा, मग सवागी घालून छोट्या मुशीत आटवायचा. जाडसर कण तसे निघाले. अगदी बारीक भुकटी मात्र हाती लागेना. तिच्यासाठी त्यानं लोखंडाची एक झाकणबंद वाटी केली. झाकणाला वाकडी नळी जोडली आणि नळीचं तोंड पाण्याच्या भांड्याशी आणलं. पाऱ्याची वाफ नळीत थंड झाली आणि थेंब थेंब होऊन पाण्यात उतरली. हे सगळं घराबाहेर, मोकळ्यावर, पोरांना लांब ठेवून.

मावशी भांड्यात वाकून बघत राहिली. “आरं, पारा परत आला की! इतकी वर्सं मी इकत घेऊन धुरात घालवत हुते!”

ठुशी घडवताना उडालेली भुकटी मावशीकडूनच परत आली. धाकट्यानं तिला बाजारभावानं पैसे दिले. वहीत लिहिलं, ‘एक गुंज सोनं झारेकरी मावशीकडून. पारा कमी झाला, संपला नाही.’

आता डाख राहिला होता. पेढीचं डाखाचं काम वरच्या माळ्यावर एक बंगाली कारागीर करायचे. खोलीला खिडकी एकच आणि तीही ज्योत हलू नये म्हणून बंद. धाकट्यानं कॅडमियम नसलेला डाख आणला, भिंतीत धूर बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि विचारलं, “काका, एका मण्याचे किती घेता?” काकांनी आकडा सांगितला. बाहेरच्या कारखान्यात याच कामाचे किती मिळतात, हेही सांगितलं. थोरल्याच्या ठुशीचे मणी तिथेच झाले होते. धाकट्यानं काकांना त्यांचा दर दिला.

माणिक बाईंच्या एकट्या कुडीतलं काढलं आणि पदकात बसवलं.

दिवाळीला बाई आल्या. नातही आली होती. थोरल्यानं हिरवी डबी उघडली. पाच तोळ्यांची ठुशी दिव्यात लखलखली. धाकट्यानं साध्या लाल कागदात गुंडाळलेली साडेतीन तोळ्यांची ठुशी समोर ठेवली, आणि शेजारी वही.

अण्णांनी कसोटीचा दगड काढला. पहिली रेघ ओढली. शेजारी दुसरी ओढली. दोन्ही रेघांचा रंग सारखा. हॉलमार्क दोन्हींवर होता, आकडाही तोच, ९१६.

“झालं तर,” थोरला म्हणाला. “कस सारखा. माझी वजनाला जास्त आणि घडणावळीला कमी. यात बघायचं काय?”

“या दगडाला जेवढं कळतं, तेवढं सारखं आहे,” अण्णा म्हणाले. “बाकीचं दगडाला विचारून उपयोग नाही. हॉलमार्कही कस सांगतो, उगम सांगत नाही. बाई, तुम्हीच विचारा.”

बाई थोरल्याकडे वळल्या. “सोनं कुठून आलं, बाळ?”

“चांगल्या ठिकाणाहून. शंभर टक्के.”

“माणिक?”

“अस्सल. शंभर टक्के.”

“डाख कुणी दिला?”

थोरला थांबला. “कारखान्यातलं कुणीतरी. पण काम शंभर टक्के.”

मग त्यांनी धाकट्याची वही हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली. सराफाचं उत्तर, कोलारच्या टेकड्या, पाटल्यांतलं कॅडमियम, भट्टीचा दर, मावशीची एक गुंज, काकांची मजुरी. दोन ठिकाणी ‘माहीत नाही’ आलं. एका ठिकाणी ‘पारा कमी झाला, संपला नाही’ आलं. पाटल्यांच्या ओळीवर बाई अडखळल्या. “मीच तर मागून घेतलं होतं केडीएम,” त्या म्हणाल्या. “चोख हवं म्हणून. त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी दिली, हे आज कळतंय.”

“दादा, मला वाटलं होतं, जुनं सोनं म्हणजे धुतलेल्या तांदळासारखं असेल,” धाकटा थोरल्याला म्हणाला. “तसं नाही निघालं.”

“तेच तर म्हणतो!” थोरला उसळला. “एवढं करूनही तुझ्या वहीत ‘माहीत नाही’ आहेच. गिऱ्हाईक काय ‘माहीत नाही’ विकत घेतं?”

बाईंनी वही मिटली. “चाळीस वर्षं पेपर तपासले मी. ज्या मुलाला सगळंच येतं, त्याचा पेपर मी पुन्हा एकदा बघायची. न येणारं उत्तर जो कोरं सोडतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर माझा विश्वास बसायचा.”

“पण घडणावळ बघा ना,” थोरला म्हणाला.

बाईंनाही घासाघीस करायची सवय होतीच. त्या धाकट्याला म्हणाल्या, “घडणावळ खरंच जास्त आहे रे. थोडं कमी कर.”

“कमी करतो, बाई. फक्त कशातून कापू ते सांगा. भट्टीच्या धुरातून कापू, काकांच्या मण्यांतून, की मावशीच्या गुंजेतून?”

बाई यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी पैसे मोजून ठेवले. मग काळजीनं नातीकडे पाहिलं. “साडेतीनच तोळे आहेत ग. मांडवात बायका विचारतील, किती तोळ्यांची?”

“विचारू देत,” नात म्हणाली. “तोळे सांगीन. आणि त्यांनी नको म्हटलं तरी वहीपण वाचून दाखवीन.” तिनं ठुशी गळ्यात घातली. पाटल्यांचं सोनं काही ओळखू येत नव्हतं, पण कुडीचं माणिक ओळखल्यावर आजीचे डोळे भरून आले.

अण्णांनी किल्ल्या धाकट्यापुढं ठेवल्या. थोरल्याचा चेहरा उतरला.

“अण्णा, माझं चुकलं असेल,” तो म्हणाला, “पण सगळी गिऱ्हाइकं बाईंसारखी नसतात. लोकांना वजन हवं असतं, स्वस्त हवं असतं. या वहीवर पेढी चालेल का?”

“तुझा प्रश्न खरा आहे,” अण्णा म्हणाले. “म्हणून गल्ल्यावर तूच बसायचंस. गिऱ्हाइकाशी बोलायला धाकट्याला येत नाही. फक्त दोन गोष्टी बदल. कुणी दागिना करायला आला की आधी विचार, घरात मोड काय आहे? नवं सोनं घ्यायचंच असेल, तर सराफाला दर वेळी विचार, कुठून आलं? आज तो चष्मा काढेल. गुजरीतल्या दहा पेढ्या विचारायला लागल्या की तो मुंबईला विचारेल. मुंबई पुढे विचारेल.”

“आणि लहान खाणीतलं सोनं टाळायचं का?” थोरल्यानं विचारलं.

“मावशी काय म्हणाली? सोनं घ्याचं बंद करू नगंस. तेच तिकडच्या खाणवाल्यांचं. कोलंबिया, पेरूकडे काही लहान खाणवाल्यांच्या संस्था आहेत. पारा बंद ठेवून नाहीतर आवरून सोनं काढतात, पोरांना खाणीत घालत नाहीत आणि बाहेरून कुणीतरी येऊन ते तपासतं. फेअरमाइन्ड, फेअरट्रेड असे शिक्के असतात त्यावर. महाग पडतं. एखादं गिऱ्हाईक तयार असेल, तर तसं मागव. नसेल, तर मोड वापर. तेही नसेल, तर वजन कमी कर. आणि काहीच कळत नसेल, तर वहीत ‘माहीत नाही’ लिही आणि गिऱ्हाइकाला दाखव. झाकणावर पान छापू नकोस.”

थोरल्यानं मान डोलावली. त्या वर्षी पेढीचा धंदा थोडा कमी झाला. पुढच्या वर्षी मोड घेऊन येणाऱ्या बायका वाढल्या. घरातल्या डब्यांत किती काय पडून असतं, हे थोरल्याला तेव्हा कळलं. गलाईवाल्यानंही भावासारखं धूर ओढणारं यंत्र बसवलं, कारण आता त्या दराला माल मिळत होता. मावशी गुजरीत येतच राहिली. दोन दुकानदारांनी तरीही स्वस्त भट्टीच धरली. सराफ अजून चष्मा काढतो, पण आता कधीकधी एखाद्या देशाचं नाव सांगतो. ते नाव वहीत लिहिलं जातं.

तात्पर्य: दागिन्याचा कस जितक्या चौकसपणे विचारतो, तितक्याच चौकसपणे तो कुठून आला आणि कुणाच्या हातून आला हेही विचारावं. घरातलं मोडकं आधी वापरावं, वजनाची हौस आवरावी आणि घडणावळ कापताना ती कुणाच्या श्वासातून कापली जाते हे बघावं. गरिबाचं सोनं नाकारण्यापेक्षा त्याच्या हातातलं विष काढायला मदत करावी. आणि ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘एवढं माहीत आहे, एवढं माहीत नाही’ असं सांगणाऱ्याकडून दागिना घ्यावा.